अमावास्येपर्यंतची गाडी

सावळीराम मोटारीला भीत असे. ही भीती अडाण्याची नव्हती, पगारी होती. विमा कंपनीच्या नाशिक कचेरीत वाहनांच्या दाव्यांचं टेबल गेली कितीतरी वर्षं त्याच्याकडे होतं. सकाळी डबा खणात ठेवून तो खुर्चीत बसला की समोर फोटो यायचे. कसारा घाटात उलटलेली जीप, गंगापूर रोडला झाडावर चढायला निघालेली मारुती, सिन्नरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीखाली गेलेलं काहीतरी, जे नक्की काय होतं हे कागदपत्रं बघूनच कळायचं. गाडी म्हटलं की बाकीच्या माणसांना चकचकीत गाडी आठवते. सावळीरामला ती आधी उलटीच दिसायची, मग तो मनातल्या मनात सरळ करून घ्यायचा. स्वतःची स्कूटर तो इंदिरानगर ते कचेरी अशा बेताने न्यायचा की मागून सायकलवाले घंटी वाजवत. चारचाकीचं लायसन्सही होतं त्याच्याकडे, तरुणपणी कुणाच्या तरी नादाने काढलेलं. ते त्याने कपाटात बायकोच्या साड्यांच्या खाली ठेवलं होतं, म्हणजे चुकून हाताला लागायला नको.

अशा माणसाच्या बापाने २००७ सालच्या ऐन उन्हाळ्यात गाडी घ्यायचं काढलं.

"सावळ्या," पुंजाराम चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "गाडी घ्यायची. उंच."

पुंजारामांची पाथर्डी रस्त्याला गुलाबाची आणि शेवंतीची शेती होती. उभा जन्म त्यांनी सायकलीला पाट्या बांधून फुलबाजार गाठला. शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं आणि मागच्या वर्षी त्यांनी सगळी जमीन एका बिल्डरला देऊन टाकली. त्यानंतर ते त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत आणि घरात कुणी विचारलंही नाही. आलेले पैसे बँकेत ठेवीत पडले होते. त्या ठेवीच्या जोरावर सावळीराम रात्री निर्धास्त झोपायचा. आयुष्यात निर्धास्त झोपावं असं तेवढं एकच कारण त्याच्याजवळ होतं.

"आबा, गाडी घ्यायचीच तर बारकी घेऊ ना," तो म्हणाला. "पार्किंगला सोपी पडते."

"बारकी नाय. त्या मोठ्ठ्या परदेशी गाड्या असत्यात ना, तसली. आत बसल्यावर लांबचं दिसलं पायजे."

"मी नाय चढायची बाई त्यात," आई, म्हणजे गोजराबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझे गुडघे गेले."

"तुला स्टूल करू," पुंजाराम म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

सावळीरामला नाही म्हणता येईना. म्हणायला हरकत काही नव्हती, पण त्याचं प्रत्येक 'नाही' घरात लहानपणापासून एकाच खात्यात जमा होत आलं होतं. विहिरीत उडी मारायला नाही, बैलाच्या शेपटीला हात लावायला नाही, कचेरीत बढतीची परीक्षा द्यायला नाही. प्रत्येक वेळी पुंजाराम त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणत, "लय भितो तू." रागाने नव्हे, पोराचा रंग सावळा आहे हे जसं सांगावं तसं. आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं. म्हातारपणी का होईना, बापाने ते वाक्य पुन्हा बोलू नये एवढी एकच इच्छा सावळीरामची उरली होती. दुसरी इच्छा ठेव न मोडण्याची. या दोन इच्छा एका घरात नांदणं कठीण होतं.

त्याने शेजारच्या वाल्मीकरावांचा सल्ला घेतला. घेतला म्हणजे काय, ते कुंपणापलीकडे उभेच होते. वाल्मीकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती, त्यामुळे सल्ला अगदी मोकळ्या मनाने देता यायचा.

"नवीन मुळीच घेऊ नका," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "शोरूमच्या दारातून बाहेर काढली की किंमत धाडकन खाली येते."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी रात्री विचार केला. जुनी तर मुळीच घेऊ नका. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं."

तिसऱ्या दिवशी सावळीराम लपून मागच्या दाराने निघाला, तर ते मागे कपडे वाळत घालत होते. "घ्या बापडे," ते चिमटा तोंडात धरून म्हणाले, "पण आधी तिचं खाणं विचारून घ्या."

हे मात्र सावळीरामला पटलं. कचेरीतल्या फोनवरून त्याने मुंबईच्या एका भारी वर्कशॉपला फोन लावला आणि सुट्या भागांच्या किमती विचारल्या. पलीकडचा आवाज इतका गोड होता की सावळीरामने तिथेच खिसा चाचपला. एवढं गोड बोलणारी माणसं स्वस्त नसतात हा त्याचा अनुभव.

"आरसा का सर? एका बाजूचा की दोन्ही बाजूंचे?"

एका बाजूच्या आरशात त्याची स्कूटर नवीकोरी आली असती. टायरचा भाव ऐकून त्याला वाटलं, चारही टायरांचा सांगितला असेल. तो एकाचा होता. क्लचचा भाव त्याने ऐकलाच नाही, रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. त्या संध्याकाळी त्याने गच्चीवर फेऱ्या मारत हिशेब केला आणि तो असा निघाला की गाडी दारात नुसती उभी राहिली तर ठेवीचं व्याज खाणार, आणि चालली तर मुद्दल.

हे त्याने बापाला समजावून सांगितलं. पुंजारामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बैल बी उभ्यानंच खातो," ते म्हणाले. "मंग काय बैल ठेवला नाय आपण? सटाण्याला बुधाशेठकडं हाय तसली गाडी. त्याला इकायचीय. मी बोललोय."

बुधाशेठ म्हणजे सटाण्याचे कांद्याचे व्यापारी, पुंजारामांच्या बाजारातल्या दिवसांपासूनच्या ओळखीचे. एका वर्षी कांद्याचा भाव असा भडकला की शेठनी त्या भरात ही गाडी मुंबईहून आणली होती. आता ती त्यांना द्यायची होती आणि फोनवर त्यांनी नऊ लाख सांगितले होते.

जायच्या दिवशी सकाळी पुंजारामांच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं, चांगलं जाडजूड.

"काय झालं आबा?"

"गुलाबाचा काटा गेला. सुजलाय. सौद्याला हात तुलाच द्यावा लागंल."

सावळीरामला घाम फुटला. बुधाशेठ आणि पुंजाराम दोघेही जुन्या वळणाचे. त्यांच्या लेखी मोठा सौदा तोंडाने करायचाच नसतो. बैलबाजारात करतात तसा उपरण्याखाली हात धरून बोटांनी करायचा, म्हणजे भोवतीच्या माणसांना भाव कळत नाही. सटाण्याच्या एसटीत पुंजारामांनी दोघांच्या मांडीवर उपरणं टाकलं आणि डाव्या हाताने मुलाची बोटं धरून शिकवणी सुरू केली. एक बोट धरलं तर एक लाख. पेर धरलं तर अर्धा. मूठ म्हणजे पाच. चेहरा कोरा ठेवायचा. तोंडातून आकडा काढायचा नाही. पटलं की वरून हातावर हात मारायचा, आणि एकदा मारला की माघार नाही. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा तिकिटं पुन्हा मागितली.

"सहापस्तोर जा," पुंजाराम म्हणाले. "त्याच्या वर नाय."

पण देवळा मागे पडेपर्यंत सावळीरामच्या डोक्यात वेगळंच शिजलं होतं. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच एक डाव सुचला होता. बुधाशेठची तीन बोटं धरायची आणि हलायचं नाही. नऊ सांगणाऱ्याला तीन म्हणजे अपमानच. बैलबाजारात असा भाव केला तर समोरचा हात झिडकारून निघून जातो. शेठ झिडकारणार, सौदा मोडणार, ठेव वाचणार, आणि सावळीरामला 'नाही' म्हणावंच लागणार नाही. तो खिडकीबाहेर बघून चक्क हसला.

शेठच्या खळ्यावर कांद्याचे ढीग पडले होते आणि त्यांच्यामधे ती गाडी उभी होती. काळी, अवाढव्य. सावळीरामच्या खांद्याला तिचं बॉनेट लागत होतं. त्याने सवयीने ती मनातल्या मनात उलटी करून पाहिली, तेव्हाही ती उंचच दिसली.

"या पाहुना, या. देखी ल्या," बुधाशेठ म्हणाले. "गाडीमा काहीच खोट नही."

पुंजारामांनी चारही बाजूंनी फिरून टायरांवर डाव्या हाताने थोपटलं. दात बघायची सोय नसल्यामुळे बॉनेट उघडायला लावलं. मग शेठ आणि सावळीराम समोरासमोर उभे राहिले. हमाल पाट्या टाकून भोवती गोळा झाले, शेठची बायको साळूबाई दारात आली, आणि पुंजारामांनी दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं.

शेठनी सावळीरामची मूठ धरली, मग चार बोटं. नऊ. सावळीरामने त्यांची तीन बोटं धरली आणि डोळे मिटून झिडकारण्याची वाट पाहिली.

काहीच झालं नाही. उपरण्याखाली शेठचा हात जरासा थबकला आणि मूठ अधिक तीन झाली. आठ. सावळीरामने तीनच धरली. सात. तीन. आता त्याला खरंतर बोट बदलावंसं वाटू लागलं, कारण हा माणूस चिडत कसा नाही या विचाराने त्याला धडकी भरली होती, पण भीतीने त्याची बोटं अशी आवळली होती की ती सुटेनात. सहा. तीन. पाच. तीन. शेठचा हात थंडगार पडला आणि थरथरू लागला. सावळीरामच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला. भोवतीचे हमाल श्वास रोखून बघत होते, कारण असं दगडासारखं उभं राहिलेलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. चार झाले. मग शेठनी एक मोठा सुस्कारा टाकला, उपरणं बाजूला केलं आणि सावळीरामच्या हातावर थाडकन हात मारला.

"पुंजाराम आबा," ते म्हणाले, "तुमना पोऱ्या लई कडक शे."

दारात साळूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सावळीरामला वाटलं, बाई दुःखाने रडतेय. पण ती आत जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि हमालांसकट सगळ्यांना वाटत सुटली. पुडा आधीच आणून ठेवलेला होता. मग तिने गाडीला ओवाळलं, नवीन आलेल्या गाडीला ओवाळतात त्याहून कितीतरी मनापासून. शेठचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. सावळीरामने हे सगळं पाहिलं आणि त्याच्या अंगातला उरलासुरला जीवही गेला. नऊ लाखांची गाडी ज्याने तीनला दिली आणि वर पेढे वाटले, त्या माणसाला गाडीबद्दल काय माहीत होतं?

"येक राह्यलं," पुंजाराम म्हणाले. "गाडी आमुशापस्तोर बोलीवर."

हमालांच्या हातातले पेढे तोंडापाशीच थांबले. बैल बोलीवर घेतात. म्हणजे थोडा विसार देऊन घरी न्यायचा, औताला जुंपून बघायचा, आणि ठरल्या दिवसाच्या आत तो बसला किंवा मारायला लागला तर परत आणून विसार घेऊन जायचा.

"गाडीले बोली?" शेठचा आवाज चिरकला.

"गाडीलाच तर पायजे. बैल निदान तोंडाकडं पाह्यलं की कळतो."

शेठनी मान हलवली, पण त्यांच्या कपाळावर पुन्हा ताप चढला. गाडी चालवायला माणूस नाही म्हटल्यावर ते घाईघाईने म्हणाले, "मी सोता सोडी देस नाशिकले." पाहुण्यांचा विचार बदलायच्या आत गाडी तालुक्याबाहेर काढायची होती त्यांना.

पुंजाराम पुढे बसले, ताठ, उपरणं खांद्यावर, आणि रस्त्याने ओळखीचं कुणी नसतानाही अधूनमधून हात वर करत राहिले. सावळीराम मागच्या सीटवर मधोमध बसला, कारण दारांपासून तीच जागा सगळ्यात लांब. शेठ गाडी इतकी हळू चालवत होते की आपल्यासारखंच दुसरं माणूस जगात आहे हे पाहून सावळीरामला क्षणभर बरं वाटलं. पिंपळगाव आलं तेव्हा त्याची नजर स्टीअरिंगच्या मागे गेली. तिथे काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली होती. आणि ती टिकली आतून उजळली होती.

त्याने आरशात पाहिलं. आरशात शेठ त्याच्याकडेच बघत होते. दोघांनी एकाच वेळी नजर वळवली आणि नाशिक येईपर्यंत पुन्हा आरशाकडे पाहिलं नाही. धोक्याचा दिवा लागायचा तिथे साळूबाईंनी टिकली लावून टाकली होती, म्हणजे नवऱ्याचं रक्त आटायला नको.

इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकात गाडी मावली नाही. वाल्मीकरावांनी घरातून टेप आणला आणि फाटक किती इंचांनी कमी पडतं ते मोठ्याने जाहीर केलं. गाडी गल्लीतच उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांची चिठ्ठी आली की सभासदाने 'वाहना'साठी परवानगी घेतली आहे, पण सदर वस्तू वाहनाच्या व्याख्येत बसते की बांधकामाच्या, हे पुढच्या सभेत ठरेल. तोवर रोज सकाळी कचऱ्याची घंटागाडी आली की सभासदाने सदर वस्तू हलवून वाट द्यावी.

आता ती हलवणार कोण? शेठ तर गाडी सोडून मिळाली ती पहिली एसटी पकडून गेले होते, जवळजवळ पळत. उज्वलाने साड्यांखालून लायसन्स काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"अहो, निदान पुढे तर घ्या," ती म्हणाली. "लोक केराच्या बादल्या घेऊन उभे आहेत."

त्या सकाळी सावळीरामने गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि मागे आणली. त्याचे पाय इतके कापत होते की क्लच आपोआपच अर्धा दाबला जायचा आणि सुटायचा, आणि कदाचित त्यामुळेच गाडी बंद पडली नाही. वाल्मीकराव पुढे उलटे चालत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते आणि आपल्याच बादलीला अडखळून बसले. रोज घंटागाडीची गाणी लांबून ऐकू आली की सावळीराम आधी देवापुढे जाऊन उभा राहायचा. पण रोज गल्लीभर पुढे आणि गल्लीभर मागे करता करता त्याला एक गल्लीएवढं ड्रायव्हिंग येऊ लागलं.

टिकली मात्र रोज उजळायची. शेवटी धीर करून तो आसपासच्याच एका मोठ्या वर्कशॉपमधल्या माणसाला घरी घेऊन आला. टाय लावलेल्या त्या माणसाने नखाने टिकली खरवडून काढली, दिव्याकडे पाहिलं आणि फारच आदराने म्हणाला, "सर, हा सेन्सर आहे. गाडी चालायला काही त्रास नाही. पण दिवा घालवायचा असेल तर सेन्सर बाहेरून मागवावा लागेल." मग त्याने किंमत सांगितली. सावळीरामचे दोन पगार. एक दिवा पेटू नये म्हणून! त्याच्या घरातले दिवे पेटावेत म्हणून तो वर्षभरात एवढे पैसे भरत नसे.

उज्वला मागे लागली म्हणून त्याने स्टूलही करून घेतलं होतं, पण गोजराबाई त्यावर एकदाच चढल्या आणि आत बसून "आता उतरवा" म्हणाल्या. उतरवायला चार माणसं लागली. पुंजाराम मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसत. कुठे जायचंय असं म्हणत नसत. नुसते समोर बघत बसत. ते काय बघतात हे सावळीरामला कळत नव्हतं, पण बापाला असं शांत बसलेलं पाहिलं की गाडी परत देऊ या असं म्हणायला गेलेला तो नुसते आरसे पुसून परत यायचा. दिवस मात्र थांबत नव्हते. अमावास्या उद्यावर आली, आणि परवा त्या गाडीचं सगळं खाणंपिणं कायमचं त्याच्या गळ्यात पडणार होतं.

अमावास्येच्या सकाळी घंटागाडी यायच्या आधीच तो गाडीजवळ गेला.

"आबा, मला तुमच्याशी बोलायचंय." आणि एकदा सुरू झाल्यावर तो थांबेचना. "ही गाडी आपल्याला झेपायची नाही. मला रात्रीची झोप लागत नाही. तुमचे पैसे आहेत, तुम्ही कमावलेत, पण ते असे टायरात आणि आरशात जातील आणि मग तुमचं, आईचं दुखलं खुपलं तर मी कुठून आणू? तुम्ही म्हणाल लय भितो. भितोच मी. आज बोलीचा शेवटचा दिवस. परत देऊ."

पुंजारामांनी चहा संपवला.

"बरं," ते म्हणाले.

सावळीरामचा विश्वास बसेना.

"देऊ की परत. पर आधी येक फेरी मार. पाथर्डी रस्त्यानं. वावरापस्तोर."

वावर हा शब्द वर्षभरात ते पहिल्यांदाच बोलले होते. सावळीरामने काही विचारलं नाही. तो चढला, पट्टा लावला, देवाचं नाव घेतलं आणि गल्ली संपल्यावरही पहिल्यांदाच थांबला नाही. सकाळी रस्ता मोकळा होता तरी तो सगळा पहिल्या गिअरमधे गेला. एक दूधवाला सायकलवरून त्यांच्या पुढे गेला आणि काळजीने मागे वळून बघत राहिला. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा सावळीरामने गाडी थांबवली आणि तो पूर्ण जाऊन दिसेनासा झाल्यावर पुन्हा सुरू केली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, स्टीअरिंग धरलेली बोटं पांढरी पडली होती, पण गाडी चालली होती.

वावराभोवती बिल्डरने निळे पत्रे ठोकले होते, पुंजारामांच्या डोळ्यांच्या जेमतेम वर जातील एवढे. पुंजाराम एकदा दोनदा चालत इथपर्यंत आले असणार, आणि त्यांना पत्र्यापलीकडे काही दिसलं नसणार. ते आत्ता सावळीरामच्या लक्षात आलं.

"चिकटून लाव," पुंजाराम म्हणाले.

सावळीरामने गाडी पत्र्याला समांतर लावली. त्या उंच सीटवरून पत्र्याच्या वरून सगळं दिसत होतं. गुलाबाच्या जागी मोठा खड्डा होता, त्यात सळया उभ्या होत्या. विहीर बुजवली होती. लांबच्या बांधाला मात्र गुलाबाची एक ओळ अजून तशीच राहिली होती, सिमेंटच्या धुळीने पांढरी झालेली. पुंजाराम बराच वेळ बघत राहिले. सावळीरामलाही रडू येईल असं वाटलं.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या मधे टाकलं आणि उजवा हात त्याखाली घातला. हाताला फडकं नव्हतं.

"आबा, तो काटा?"

"कसला काटा? वरीस झालं गुलाब जाऊन, काटा कुठनं येतो?" ते म्हणाले. "मी गेलो असतो तर सहा दिऊन आलो असतो. भ्यालेला माणूस भाव चढवीत नाय. म्हणून तुझा हात नेला. दाखिव, कितीला घेतली?"

सावळीरामने तीन बोटं धरली. पुंजारामांनी हात सोडला नाही.

"त्याचा हात गार पडला व्हता?"

"हो. थरथरत होता."

"माझा बी असाच झाला व्हता," पुंजाराम पत्र्यापलीकडे बघत म्हणाले. "त्या बिल्डरच्या हापिसात. आधी घरी येऊन सांगून गेलते, जिमिनीवर आरक्षान पडंल, मंग काय बी मिळायचं नाय. तिथं कागद पुढं ठिवला. पंखा गारगार. मी अर्धा भाव बी मागितला नाय. त्यांनी म्हटलं तेवढ्याला अंगठा दिला. भ्यालो मी, सावळ्या. लय भ्यालो."

बापाला भीती वाटते ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधीच आली नव्हती. आपली भीती कुणाकडून आली असेल याचा विचारही त्याने कधी केला नव्हता. हातातला तो सुरकुतलेला हात त्याच्या हाताइतकाच ओला होता.

"परत द्यायची का ठिवायची?" पुंजारामांनी विचारलं. "तोंडानं नको. येक बोट म्हंजे ठिवायची, दोन म्हंजे परत."

सावळीराम दोन बोटं धरायच्या तयारीतच घरून निघाला होता. पण जमीन भिऊन गेली होती, आणि आता गाडीही भिऊन परत द्यायची, या विचाराची त्याला लाज वाटली. त्याने बापाचं एक बोट धरलं, लहानपणी बाजारात धरायचा तसंच, आणि बराच वेळ धरून ठेवलं.

घरी येताना त्याने गाडी दुसऱ्या गिअरमधे टाकली. गल्लीत घंटागाडी वाट बघत होती. गाडी बाजूला लावून त्याने सटाण्याला फोन केला. फोन साळूबाईंनी उचलला.

"त्या घर नहीत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "गावले गयात. अमावस होवापावत येत नहीत." त्यांच्या मागेच कुणीतरी पुरुष दाबून खोकला.

"काकू, शेठना एवढंच सांगा की आम्ही गाडी ठेवतोय."

फोन तत्क्षणी हिसकावला गेला. "पाहुना! खरं? परत नही ना?"

"नाही."

पलीकडून बुधाशेठनी साळूबाईंना देवापुढे दिवा लावायला सांगितलेलं ऐकू आलं. मग हळूच, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "काळजी करू नका. तो लाल दिवा लागस ना, त्याकडे देखानंच नही."

सावळीरामने फोन ठेवला. बाहेर पुंजाराम पुन्हा गाडीत जाऊन बसले होते आणि वाल्मीकरावांना मागच्या सीटवर बसवून काहीतरी सांगत होते. चावी तशीच चालू राहिली होती, आणि मोकळ्या काचेमागे लाल दिवा ढळढळीत पेटलेला त्याला खिडकीतूनही दिसला.

"उज्वला," त्याने आत हाक मारली, "तुझ्याकडे टिकल्यांचं पाकीट आहे का? जरा मोठ्यातल्या बघ."